आधी लगीन प्लगचं

बैलबाजारात गेलेला माणूस शिंगं बघतो, वशिंड बघतो, कातडीवरून हात फिरवतो. पण सौदा ठरतो तोंड उघडून दात मोजल्यावर. जुन्या पेट्रोल गाडीलाही असे दात असतात. सायलेन्सरचा धूर, डिपस्टिकवरचं काळं ऑइल, क्लचचा खेळ. आपला नेहमीचा मेकॅनिक पाच मिनिटांत गाडीचं वय सांगतो. जुनी इलेक्ट्रिक गाडी मात्र तोंडच उघडत नाही. बॉनेट उचललं की एक बंद पेटी आणि जाड नारिंगी वायरी. चाळीस हजार किलोमीटर धावलेली आणि लाखभर धावलेली गाडी चालवायला जवळजवळ सारखीच वाटते.

म्हणूनच असेल, अशी गाडी घेऊ का असं विचारणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न बॅटरीचा असतो. "बॅटरी गेली तर?" मी उलट विचारतो, "गाडी लावता कुठे?" समोरचा गोंधळतो. बॅटरी तपासता येते, तिच्यावर वॉरंटी असते, ती पसंत पडली नाही तर दुसरी गाडी बघता येते. पार्किंग बदलता येत नाही. स्वतःची गाडी घेताना मी हा क्रम उलटा धरला होता, त्याची किंमत पुढे मोजली. ती हकिगत येईलच. आधी बाजाराकडे बघू.

आपल्याकडे इलेक्ट्रिक मोटार तशी जुनी. बंगळुरूची रेवा २००१ मध्ये रस्त्यावर आली. पण घरातली एकमेव गाडी म्हणून चालेल अशी पिढी २०१९-२० ची. ह्युंदाईची कोना जुलै २०१९ मध्ये आली, टाटांची नेक्सॉन आणि एमजीची झेडएस जानेवारी २०२० मध्ये. टियागोची स्वस्त इलेक्ट्रिक आवृत्ती २०२२ ची. आज जुन्या बाजारात फिरणारा माल बहुतेक याच नावांचा आणि त्यात नेक्सॉन सर्वांत जास्त. तिच्या बॅटरीवर आणि मोटरवर आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल तोवर वॉरंटी आहे. म्हणजे अगदी पहिल्या खेपेतल्या गाडीची वॉरंटी २०२८ च्या सुरुवातीला संपते. जुनी गाडी बघताना तिचं वय विचारू नका, वॉरंटीचे किती महिने उरलेत ते विचारा. किंमत त्यावर ठरायला हवी.

या गाड्या पेट्रोलपेक्षा वेगाने उतरतात. माझ्या पाहण्यात चार वर्षांची नेक्सॉन मूळ किमतीच्या निम्म्याच्या आसपास मागितली जाते. याला भीती कारण आहेच, पण ते एकमेव नाही. नव्या गाड्याच स्वस्त झाल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटांनी बॅटरीच्या उतरत्या किमतींचं कारण देऊन नेक्सॉनच्या किमतीत १ लाख २० हजारांपर्यंत कपात केली. ब्लूमबर्गच्या ऊर्जा विभागाच्या पाहणीनुसार जगभरातली बॅटरीची सरासरी किंमत २०२३ मध्ये किलोवॅट-तासाला १३९ डॉलर होती, ती २०२४ मध्ये ११५ वर आली. नवी स्वस्त होते तेव्हा जुनी आपोआप अधिक स्वस्त होते. त्यात सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो आधीपासून ५ टक्केच आहे, पण दोघींमधलं अंतर घटलं. विकणाऱ्याचं नुकसान तो घेणाऱ्याचा फायदा, एवढं सरळ गणित आहे.

करावरून एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांवर १८ टक्के कर लावला आणि बातमी अशी पसरली की सात लाखांच्या गाडीवर सव्वा लाख कर. तसं नाही. हा कर नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावर आहे. शेजाऱ्याने शेजाऱ्याला गाडी विकली तर काहीच नाही.

आता दात मोजण्याकडे येऊ. किलोवॅट-तास हा शब्द डोळ्यांना खुपतो. त्याचं आपल्या घरातलं नाव युनिट. विजेच्या बिलावर छापलेलं युनिट तेच हे. पहिल्या नेक्सॉनची बॅटरी ३०.२ युनिटांची, २०२२ मध्ये आलेल्या नेक्सॉन मॅक्सची ४०.५ ची, टियागोची १९.२ किंवा २४ ची. बॅटरी म्हातारी होते म्हणजे तिच्यात मावणारी युनिटं कमी होतात. पाण्याच्या टाकीत गाळ साचत जावा तसं. किती गाळ साचला हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये संगणक जोडून कळतं. त्या आकड्याला बॅटरीचं आरोग्य म्हणतात आणि तो टक्क्यांत येतो. छापील अहवाल मागा. विक्रेता "कशाला साहेब, शंभर टक्के आहे" म्हणाला तर हमखास मागा. चार वर्षांची कोणतीही बॅटरी शंभर टक्के नसते.

अहवाल मिळत नसेल तर घरगुती उपाय आहे. गाडी पूर्ण चार्ज करा, एसी चालू ठेवून रोजच्यासारखी चालवत वीस टक्क्यांपर्यंत खाली आणा आणि किती किलोमीटर झाले ते बघा. कागदावर पहिल्या नेक्सॉनला ३१२ किलोमीटर दिलेत. तो प्रयोगशाळेतला आकडा आहे, पुण्याच्या सिंहगड रोडवरचा नव्हे. नवी असतानाही ती रस्त्यावर दोनशेच्या आगेमागे जायची. म्हणजे शंभरावरून वीस टक्क्यांपर्यंत दीडशे किलोमीटर निघाले तर बॅटरी ठणठणीत आहे. एकशेवीस निघाले तर किंमत पाडून मागा. शंभरच्या खाली आली तर नमस्कार करून निघा. या परीक्षेला अर्धा दिवस जातो आणि कोणत्याही विक्रेत्याला ती आवडत नाही.

बॅटऱ्या धडाधड मरतायत असं चित्र नाही. कॅनडातल्या जिओटॅब कंपनीने २०२४ मध्ये हजारो गाड्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सरासरी घट वर्षाला १.८ टक्के निघाली. त्या गाड्या चंद्रपूरच्या मे महिन्यात उभ्या नव्हत्या, हे खरं. उष्णता हाच बॅटरीचा मोठा शत्रू. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात निसान लीफच्या पहिल्या गाड्यांच्या बॅटऱ्या लवकर खंगल्या, कारण त्यांना थंड ठेवायला पाण्याची सोय नव्हती. नेक्सॉन, कोना, झेडएस यांच्या बॅटरीभोवती थंड करणारा द्रव फिरतो. जुन्या ई-व्हेरिटोसारख्या गाड्यांत तो नाही. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या वाचकाने हा एक मुद्दा बाकी दहा मुद्द्यांच्या वर धरावा.

दुसरी काळजी टॅक्सीतून आलेल्या गाड्यांची. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली-बंगळुरूकडची ब्लूस्मार्ट ही इलेक्ट्रिक टॅक्सी सेवा बंद पडली आणि हजारो गाड्या उभ्या राहिल्या. एरवीही कंपन्यांच्या ताफ्यातली गाडी कधीतरी बाजारात येतेच. रोज दोन-दोनदा जलद चार्ज झालेली आणि नंतर महिनोन्महिने उन्हात रिकामी पडलेली बॅटरी स्वस्तात मिळते, त्यामागे हे कारण असतं. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे खासगी गाडी, पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याची. पाटी बदलता येते, पण आरटीओच्या नोंदीत पहिला इतिहास राहतो. तो बघून घ्या.

मी ज्या विक्रेत्याकडे गेलो होतो तिथला मुलगा चलाख होता. "काका, बॅटरीची लाइफटाइम वॉरंटी आहे, डोळे झाकून घ्या." मी डोळे उघडून कागद मागितला. काही कंपन्या अलीकडच्या मॉडेलांवर आजीवन वॉरंटी देतात हे खरं, पण ती पहिल्या मालकापुरती. गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली की ती ठरावीक वर्षांवर येते. त्या गाडीला तीही लागू नव्हती. मग मी डिकी उघडायला सांगितली. चार्जिंगची केबल नव्हती. "ती मागवून देतो की." नवीन केबल काही हजारांना पडते आणि 'मागवून देतो' हे वाक्य सौद्यानंतर विरघळतं, म्हणून ती सौद्यात लिहून घेतली. पंधरा दिवस फोन केल्यावर आली.

केबलइतकीच महत्त्वाची गोष्ट पोटाखाली असते. बॅटरी गाडीच्या तळाशी बसवलेली, त्यामुळे गाडी रॅम्पवर चढवून पेटीवर खरचटल्याच्या किंवा चेपल्याच्या खुणा बघायच्या. आपल्याकडच्या गतिरोधकांची कीर्ती लक्षात घेता त्या असतातच. खरचटलेलं चालेल, चेपलेलं नाही. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण, कोल्हापूर, सांगलीत पाणी शिरलं, त्या भागातली त्याआधीची गाडी असेल तर सीटखालचा गालिचा उचलून वास घ्या, विम्याचे दावे तपासा. ब्रेकच्या चकत्यांवर गंज दिसला तर घाबरू नका. ही गाडी ॲक्सिलरेटर सोडला की मोटरनेच वेग कमी करते, त्यामुळे ब्रेक फार झिजत नाहीत, गंजतात. टायर मात्र गाडी जड असल्यामुळे लवकर संपतात. आणि बॅटरी भाड्याने देण्याच्या योजनेत घेतलेली गाडी असेल, तर बॅटरीचं कर्ज कोणाच्या नावावर आहे हे कळल्याशिवाय इसाराही देऊ नका. नाकापेक्षा मोती जड असतो तो इथे.

कागदपत्रं बाकी गाड्यांसारखीच. फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर फॉर्म ३५. विमा चौदा दिवसांत नावावर करायचा. मोबाइल ॲपवरून आधीच्या मालकाचं नाव काढायला विसरू नका. नाहीतर तुमची गाडी कुठे आहे ते त्याला बसल्या जागी दिसत राहील.

आता पार्किंग.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी मी केबल काढली, पार्किंगच्या खांबावरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला लावली आणि केबलवरच्या डबीत लाल दिवा लागला. परत लावली, परत लाल. गाडी बिघडलीय असं वाटून पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने मीटरची एक सळई फेजला, दुसरी अर्थला लावली. २३० यायला हवे होते. आकडा १३० च्या आसपास डुलत होता. त्याने सॉकेट उघडलं, हिरवी वायर हातात धरली आणि तिचा माग काढत भिंतीच्या टोकापर्यंत गेला. "या बघा साहेब, इथे संपली." वायर नळाच्या पाइपाला गुंडाळलेली होती. इमारत बांधली तेव्हा तो लोखंडी पाइप जमिनीत जात होता. सहा वर्षांपूर्वी सोसायटीने सगळे पाइप प्लॅस्टिकचे केले. तेव्हापासून या सॉकेटला अर्थिंग नव्हतं आणि कोणाला पत्ताही नव्हता, कारण ड्रिल मशीन आणि व्हॅक्युम क्लीनर अर्थिंगविना मुकाट चालतात. गाडी चालत नाही. ती आधी अर्थ तपासते, नसेल तर वीज घ्यायला नकार देते. गाडीत काही बिघाड नव्हता. तिने इमारतीचा दाखवला होता.

मग कंपाउंडच्या कडेला खड्डा खणला. इलेक्ट्रोड, त्याच्याभोवती कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा. वर सिमेंटची चौकट आणि पाणी ओतायला नळी. उन्हाळ्यात त्यात आठवड्याला बादलीभर पाणी घालायचं, नाहीतर माती कोरडी पडून अर्थिंग पुन्हा कमजोर होतं. आमचा वॉचमन तुळशीबरोबर त्यालाही पाणी घालतो. सोसायटीच्या सॉकेटवर कायम विसंबणं बरं नव्हतं, म्हणून मीटर रूममधल्या माझ्याच मीटरपासून पार्किंगपर्यंत सहा चौरस मिलिमीटरची आर्मर्ड केबल ओढली, साठ मीटर. तिच्यावर स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअर गळतीलाच वीज तोडणारा आरसीसीबी. सगळं मिळून २६ हजार लागले, त्यातले निम्म्याहून जास्त केबलचे. गाडी घेण्याआधी वायरमनला पाचशे रुपये देऊन हे तपासून घेतलं असतं तर तीन आठवडे ऑफिसला रिक्षाने जावं लागलं नसतं. आधी लगीन कोंढाण्याचं, हे लहानपणापासून ऐकलं. वेळेवर आठवलं नाही.

इथे एक खर्च मात्र वाचवता येतो. भिंतीवर बसणारा ७.२ किलोवॅटचा चार्जर घ्यायलाच हवा असं दुकानदार सांगतात. पहिल्या नेक्सॉनच्या आतला चार्जरच ३.३ किलोवॅटचा आहे. बाहेर कितीही मोठा डबा लावा, ती तासाला तीन युनिटांच्या आसपासच पिणार. पुण्या-मुंबईतला रोजचा प्रवास तीस-चाळीस किलोमीटर धरला तर सहा युनिटं लागतात, म्हणजे साध्या पंधरा अँपिअरच्या चांगल्या सॉकेटवर दोन-अडीच तास. पूर्ण रिकामी बॅटरीही रात्रभरात भरते. मोठा चार्जर मोठ्या बॅटरीच्या गाडीला आणि रोज दीडशे किलोमीटर हिंडणाऱ्याला. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र कोणालाच नाही. सलग आठ तास पंधरा अँपिअर ओढल्यावर त्याच्या प्लॅस्टिकचा वास येऊ लागतो, आणि पार्किंगमधला खरा धोका असतो तो या सैल प्लगांत आणि बारीक वायरीत.

सोसायटीच्या सचिवांना धोका वेगळीकडे दिसतो आणि त्यांचं सगळंच चुकतं असं नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यात उभ्या स्कूटरने पेट घेतल्याचा व्हिडिओ घरोघरी पोहोचला, त्याच वर्षी जूनमध्ये वसईत एक इलेक्ट्रिक मोटार पेटली. तेव्हापासून "खाली गाड्या, वर माणसं" हे वाक्य प्रत्येक वार्षिक सभेत ऐकू येतं. त्याच्यामागून खरा आक्षेप हळूच येतो: "आमच्या बिलावर चार्ज करणार का?" स्वतःच्या मीटरवरून लाइन घेतली की तो मिटतो. मग उरतो जागेचा प्रश्न. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या दहिसरच्या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने बिल्डरला स्टिल्टमधलं पार्किंग स्वतंत्रपणे विकता येत नाही असं ठरवलं. म्हणजे बहुतेक सोसायट्यांत तुमचं पार्किंग हे वाटप आहे, मालकी नाही. आज खांबावर डबा बसवला आणि पुढच्या वर्षी सोडतीत दुसरी जागा आली, तर केबलचं काय? ठरावात हे आधीच लिहून घ्यायला हवं.

कायदा रहिवाशाच्या बाजूला झुकलेला आहे. चार्जिंग म्हणजे विजेची विक्री नव्हे, त्याला परवाना लागत नाही, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं. घरी किंवा ऑफिसात असलेल्या जोडणीवर स्वतःची गाडी चार्ज करता येते, हे जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं गेलं. पण कायदा दाखवून केबल ओढता येत नाही. ती सामायिक जिन्यातून जाते. आमच्याकडे तोडगा कायद्याने नाही, हिशेबाने निघाला. दहा गाड्या एकाच वेळी लागल्या तर ३३ किलोवॅट. इमारतीचा मंजूर भार, मुख्य केबल हे पेलेल का? पहिल्या चौघांना सहज जागा मिळते, पंधराव्याला नाही. म्हणून प्रत्येकाने आपापली केबल लोंबकळत ठेवण्यापेक्षा सोसायटीने एकदाच मोठी लाइन आणि आळीपाळीने वीज देणारी व्यवस्था करणं शहाणपणाचं. तसं वेगळं सामायिक मीटर घेतलं तर दरही चार्जिंगच्या वर्गवारीचा लागतो. तुमच्या घरच्या मीटरवर मात्र घरगुतीच दर.

आणि घरगुती दराची गंमत अशी की तो टप्प्याटप्प्याने चढतो. महिन्याला हजार किलोमीटर, युनिटला सात किलोमीटर, वरून चार्ज करताना वाया जाणारी वीज धरून १६० युनिटं. घरचा वापर दोनशेचा असेल तर बिल एकदम ३६० वर जातं आणि शेवटची साठ युनिटं तीनशेपुढच्या महाग टप्प्यात पडतात. शुल्कासकट सरासरी पंधरा रुपये धरले तरी २,४०० रुपये. तेवढ्याच अंतराला पंधराचा ॲव्हरेज देणारी पेट्रोल गाडी १०४ च्या दराने सात हजारांचं पेट्रोल पिते. साडेचार हजार वाचले. पण महिन्याला चारशेच किलोमीटर होत असतील तर बचत दोन हजारांच्याही खाली येते आणि त्यासाठी एवढा खटाटोप करू नये. घरची सोय नसेल आणि सगळं बाहेरच्या जलद चार्जरवर, युनिटला वीस-पंचवीस रुपयांनी घ्यायचं असेल, तर बचतही घटते आणि रविवारही जातात.

स्मार्ट मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना २०२५ पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या विजेवर सवलत आहे. परदेशात रात्रीची वीज स्वस्त. इथे सौरऊर्जेमुळे दिवसाची. नोकरदाराची गाडी तेव्हा ऑफिसात असते, त्यामुळे हा लाभ निवृत्त माणसाला आणि घरून काम करणाऱ्यांना. साताऱ्या-नाशकात बंगला असेल आणि छतावर तीन किलोवॅटचा सौर संच बसवला असेल, तर दिवसाला बारा-एक युनिटं मिळतात, म्हणजे ऐंशी किलोमीटर. या माणसाने जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यायला उशीर केला आहे.

माझं मत विचाराल तर असं. स्वतःचं ठरलेलं पार्किंग, तिथे चांगलं अर्थिंग, महिन्याला आठशेच्या वर किलोमीटर आणि तीन वर्षांची तरी वॉरंटी उरलेली गाडी, या चारही गोष्टी जुळल्या तर जुनी इलेक्ट्रिक गाडी आज बाजारातला सर्वांत चांगला सौदा आहे. रस्त्याकडेला गाडी लावणाऱ्याने अजून थांबावं. कोणी म्हणेल की मुंबई-पुणे द्रुतगती, समृद्धी आणि अटल सेतूवरची टोलमाफी राज्याच्या २०२५ च्या धोरणात आहे, तिचं काय? ती वरकड. टोलनाक्यासाठी गाडी घेत नसतात.

आणि सोसायट्यांच्या सचिवांना एक विनंती. चार्जिंगचा पहिला अर्ज आला की "पुढच्या सभेत बघू" म्हणून फाइलला लावू नका. वायरमनला घेऊन मीटर रूममध्ये जा, मुख्य केबलची जाडी आणि मंजूर भार वहीत लिहून ठेवा आणि पार्किंगमधली ती हिरवी वायर कुठे जाऊन संपते ते स्वतः बघा.